सत्ता सोडून गावी भाजी लावणारा रोमन सम्राट : डायोक्लेशियनला यशस्वी म्हणायचं का?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. रोमन साम्राज्य वर्गात ओझरतंच येतं, पण मुलं विचारतात आणि मलाही गोडी लागली आहे. सध्या तिसऱ्या शतकाबद्दल वाचतेय. इ.स. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत विसाहून जास्त सम्राट झाले आणि त्यातले बहुतेक आपल्याच सैनिकांच्या हातून मेले. व्हॅलेरियन २६० मध्ये इराणच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला. गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचा भाग, फुटून निघालं, सीरियातलं पामिरा फुटलं. ऑरेलियनने सगळे तुकडे पुन्हा जोडले, तर त्यालाही त्याच्याच माणसांनी संपवलं.

आणि मग २८४ मध्ये डायोक्लेशियन येतो. आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावर सालोना नावाचं शहर होतं, तिथला. घर अगदी साधं. बाप कारकून होता असं काही जण म्हणतात, तर काही म्हणतात हा स्वतःच एका सिनेटरने मुक्त केलेला गुलाम होता. असा माणूस वीस वर्षं तख्तावर टिकतो, एकट्याने झेपणार नाही म्हणून राज्य चौघांत वाटतो आणि १ मे ३०५ ला आपण होऊन सत्ता खाली ठेवतो. त्याआधी एकाही रोमन सम्राटाने असं केलं नव्हतं. पुढे लोक त्याला परत बोलवायला गेले तेव्हा म्हणाला, मी सालोनाला स्वतःच्या हातांनी लावलेली भाजी बघितलीत, तर हे विचारणारच नाही तुम्ही.

हा प्रसंग मुलांना सांगितला की वर्ग गप्प होऊन ऐकतो. पण मला दोन गोष्टी अडतात. एक, तो खरंच समजून-उमजून गेला, की आजारपणात जावयाने, म्हणजे गॅलेरियसने, त्याला ढकललं? आणि दुसरी जास्त महत्त्वाची. तो गेल्यावर वर्ष-दीड वर्षात चौघांची व्यवस्था मोडायला लागली, पुन्हा यादवी सुरू झाली. मालाचे भाव बांधून देणारं त्याचं फर्मानही फसलं. मग पाठ्यपुस्तकं त्याला साम्राज्य सावरणारा का म्हणतात? सावरलं म्हणजे नेमकं काय सावरलं? कुणी नीट वाचलं असेल तर सांगा.

---

आरमार

मी जहाजावर इंजिनीअर आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पहिल्याबद्दल मात्र सांगण्यासारखं आहे, कारण क्रोएशियात स्प्लिटला उतरून त्याने निवृत्तीसाठी बांधलेला वाडा मी पाहिला आहे. वाडा म्हणतात खरं, पण ते आहे अख्खं तटबंदीचं गाव. साधारण २१५ मीटर लांब आणि १८० मीटर रुंद, चार बाजूंना चार दरवाजे, कोपऱ्यांत बुरूज. समोरच्या ब्राच बेटावरचा पांढरा दगड. ग्रॅनाइटचे खांब इजिप्तहून आणलेले आणि स्फिंक्सही तिकडचेच. चौकात एक काळा स्फिंक्स अजून बसलेला आहे. तो डायोक्लेशियनच्याही आधी दीड हजार वर्षांहून जुना!

दक्षिणेची भिंत पूर्वी थेट समुद्रातून वर यायची. आता पुढे भराव घालून रस्ता केला आहे आणि लोक तिथे कॉफी पीत बसतात. त्या भिंतीखालचं तळघर बघायला हवं. वरच्या खोल्या केव्हाच गेल्या, पण जमीन उताराची असल्यामुळे वरचा मजला सपाट यावा म्हणून खाली अगदी तशाच मांडणीच्या खोल्या बांधल्या होत्या. त्यामुळे सम्राटाचं दालन कुठे, जेवणघर कुठे, हे खालून फिरून कळतं. मधली कितीतरी शतकं वरच्या घरांतला कचरा आणि सांडपाणी या तळघरात जात होतं, त्यानेच ते भरून गेलं आणि म्हणून शाबूत राहिलं.

पाण्यासाठी यादरो नदीपासून सुमारे नऊ किलोमीटरचा पाट बांधून आणला आहे. सांगायचा मुद्दा असा की हे सगळं आजारी पडल्यावर वर्षभरात होणारं काम नाही. इजिप्तचा ग्रॅनाइट जहाजाने डाल्मेशियापर्यंत, म्हणजे या किनाऱ्यापर्यंत, आणायचा म्हणजे काय असतं ते मी अंदाजाने सांगू शकतो. निवृत्तीचं घर कितीतरी वर्षं आधी बांधायला घेतलेलं होतं. शिवाय सालोना तिथून हाकेच्या अंतरावर. जन्मगावाशेजारी एवढं मोठं घर माणूस उगाच बांधत नाही.

---

नाना_जमाबंदी

रानजाईताई, प्रश्न आवडला. आरमार यांनी तळघराचं सांगितलं तेही छान. माझं आयुष्य महसूल खात्यात गेलं, सातबारा, फेरफार आणि आणेवारी यांतच. त्यामुळे या माणसाकडे मी लढायांच्या बाजूने बघत नाही. लढाया चौघांतल्या त्याच्या सहकाऱ्यांनीच जास्त केल्या. कॉन्स्टँटियसने २९६ मध्ये ब्रिटन परत मिळवलं, गॅलेरियस आधी इराणच्या नर्सेहकडून हरला आणि मग २९८ मध्ये आर्मेनियात त्याला असा झोडपला की त्याचा जनानखानाच हाती आला. डायोक्लेशियन स्वतः इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या वेढ्याला बसला होता. त्या शहरात पॉम्पीचा खांब म्हणून जो दाखवतात, तो खरं तर याच्या नावाने उभारलेला आहे. असो.

सावरलं काय, हे तुम्ही विचारलंत. माझं उत्तर : त्याने जमीन मोजली, माणसं मोजली आणि कोणी किती भरायचं ते लिहून ठेवलं.

आधीची परिस्थिती बघा. नाण्यातली चांदी उतरत उतरत शेकडा पाचाच्याही खाली गेलेली. पगार नाण्यात घेऊन सैनिकाचं भागेना. मग सैन्य जाईल तिथे धान्य, कपडा, बैल उचलायचं. सैन्य ज्याच्या गावावरून गेलं तो बुडाला, ज्याच्या नाही गेलं तो सुटला. हा कर नव्हे, ही लूट. डायोक्लेशियनने ती उचल बंद केली नाही, ती करता येणारही नव्हती. त्याने ती उचलच हिशेबात आणली.

यावर एक कागद उपलब्ध आहे आणि मला तो अतिशय प्रिय आहे. इजिप्तचा रोमन अधिकारी अरिस्टियस ऑप्टॅटस याने मार्च २९७ मध्ये काढलेला जाहीरनामा. त्यात तो म्हणतो की सम्राटांना असं कळलं आहे की सरकारी वसुली कशीही चालते, काहींना हलकं सोडलं जातं आणि काहींवर नको एवढा बोजा पडतो. ही वाईट चाल मोडायची आहे. म्हणून प्रत्येक जमिनीला तिच्या मगदुराप्रमाणे किती आकार आणि गावातल्या प्रत्येक माणसामागे किती, कोणत्या वयापासून कोणत्या वयापर्यंत, हे आता सर्वांना कळेल. आणि शेवटी हुकूम : याची प्रत कोष्टकासकट गावोगाव पाठवा. आपल्याकडे चावडीवर नोटीस डकवतात तेच. वसुलीचा दर रयतेला आधी माहीत असला पाहिजे, ही गोष्ट एका लष्करी सम्राटाच्या राज्यात लिहून ठेवलेली सापडते याचं मला फार मोल वाटतं.

हा कागद कुठे मिळाला ते ऐका. फायूम भागात कारानिस नावाचं गाव होतं. तिथे आयसिडोरस नावाचा शेतकरी राहायचा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कागद मात्र सगळे जपून ठेवायचा. त्याच्या दप्तरात हा जाहीरनामा सापडला. सोबत त्याने दिलेली जमिनीची निवेदनं, कर भरल्याच्या पावत्या, दुसऱ्याच्या गुरांनी पीक खाल्लं म्हणून केलेले तक्रारअर्ज. मोजणीला सरकारी मोजणीदार आला, गावचे पंच शपथेवर उभे राहिले, असं त्या निवेदनांत दिसतं. मी अशी दप्तरं हाताळलेली आहेत. निरक्षर म्हातारा खातेदार मेणकापडात बांधलेली पुडी उघडतो आणि त्यातून बरोबर हवी ती पावती काढून देतो. कारानिसचा आयसिडोरस मला अगदी ओळखीचा वाटतो.

आता प्रतबंदी कशी करायचे तेही बघा, कारण कारागिरी खरी तिथे आहे. सीरियाकडच्या एका जुन्या कायद्याच्या पुस्तकात डायोक्लेशियनच्या नावाने हे कोष्टक आलं आहे. कराचं एक एकक म्हणजे द्राक्षमळा असेल तर ५ युगेरम. चांगली पिकाऊ जमीन २० युगेरम. मध्यम ४०. हलकी, डोंगरउताराची ६०. जुनी ऑलिव्हची झाडं असतील तर २२५ आणि डोंगरावरची असतील तर त्याच्या दुप्पट, ४५०. एक युगेरम म्हणजे आपले साधारण पंचवीस गुंठे. म्हणजे सव्वातीन एकराच्या आत-बाहेर द्राक्षं असणारा आणि साडेसदतीस एकर माळरान असणारा, दोघांचा आकार सारखा. बागायत, जिरायत, वरकस हा फरक ज्याला कळतो त्याला हे कोष्टक करणारा माणूस शेतात उभा राहिलेला होता हेही कळतं. सगळ्या प्रांतांत हेच आकडे नव्हते, इजिप्तची पद्धत वेगळी, आफ्रिकेची वेगळी. पण तत्त्व एकच.

या कामासाठी माणसं लागतात. म्हणून त्याने प्रांत फोडले. पन्नासच्या आसपास होते ते शंभरच्या आसपास झाले. त्यांचे बारा विभाग केले आणि विभागावर अधिकारी नेमला. सरहद्दीवरची फौज बहुतेक ठिकाणी प्रांताधिकाऱ्याच्या हातातून काढून वेगळ्या सेनाधिकाऱ्याकडे दिली. याने काय झालं? ज्याच्याकडे खजिना त्याच्याकडे सैन्य नाही आणि ज्याच्याकडे सैन्य त्याच्याकडे खजिना नाही. बंड करायला दोन्ही लागतं. पन्नास वर्षं जे चाललं होतं त्याचं मूळ त्याने असं छाटलं. इटलीला शतकानुशतकं जमिनीवरचा कर माफ होता, तोही काढून घेतला. रोमच्या लोकांना तो आवडला नाही यात नवल नाही आणि त्यालाही रोम आवडलं नाही. राज्याच्या विसाव्या वर्षाचा उत्सव करायला ३०३ मध्ये तिथे गेला आणि वर्ष संपायच्या आतच, ऐन थंडीत, बाहेर पडला. त्याच प्रवासात आजार जडला.

टीका झालीच. त्याच काळातला ख्रिस्ती लेखक लॅक्टॅन्शियस लिहितो की घेणारे देणाऱ्यांपेक्षा जास्त झाले, शेतकरी जमिनी टाकून पळाले. त्याचा राग समजण्यासारखा आहे, पण त्याचा प्रत्येक शब्द मी धरणार नाही. कर वाढला हे मात्र खरं. नोकरशाही वाढली हेही खरं.

आणि भावाचं फर्मान. तिथे तो साफ चुकला, आणि का चुकला हे सांगायला हवं. ३०१ चं ते फर्मान. बाराशेहून जास्त वस्तू आणि मजुऱ्या, प्रत्येकीला वरची मर्यादा, मोडली तर देहदंड. शेतमजूर जेवून दिवसाला २५ देनारी. सुतार, गवंडी, भटारी ५०. न्हावी गिऱ्हाइकामागे २. अक्षरओळख शिकवणाऱ्या पंतोजीला मुलामागे महिन्याला ५०, वक्तृत्व शिकवणाऱ्याला २५०. वकिलाला खटला चालवल्याचे १०००. गोमांस शेराला नव्हे, रोमन पौंडाला ८, डुकराचं १२. लष्करी मापाने गव्हाचं एक माप १००, म्हणजे मजुराची चार दिवसांची कमाई. दगडावर कोरून बाजारांत लावलं. तुर्कस्तानात आयझानोई इथे गोल मंडई आहे, तिच्या भिंतीवर ते अजून वाचता येतं. प्रस्तावनेत तो पोटतिडकीने लिहितो की एका खरेदीत सैनिकाचा पगार आणि बक्षीस दोन्ही संपतात, ही हाव आता सहन होणार नाही.

भावना खरी आहे. पण भाव सगळ्या साम्राज्याला एकच! गहू पिकतो त्या इजिप्तमध्येही तोच आणि जिथे तो जहाजाने आणि मग गाडीने न्यावा लागतो तिथेही तोच. त्याच फर्मानात वाहतुकीचे दर आहेत. अलेक्झांड्रियाहून रोमला समुद्रमार्गे एका मापाला १६ देनारी, आणि भरलेली बैलगाडी मैलाला २०. म्हणजे वाहतुकीला पैसे पडतात हे लिहिणाऱ्याला माहीत होतं, तरी मालाच्या भावात ते धरलं नाही. त्यातच नाण्याची किंमत सरकारने त्याच वर्षी चढवून दिली होती. व्यापाऱ्याने माल दडवला, दुसरं काय करणार? लॅक्टॅन्शियस म्हणतो की क्षुल्लक मालापायी रक्त सांडलं आणि शेवटी कायदा गुंडाळावा लागला. यावर मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

मोजणीच्या कामात तो जमिनीचा मगदूर बघत होता, गावातल्या पंचांना विचारत होता. भाव ठरवताना त्याने कुणाला विचारलं नाही. माझ्या लेखी एक टिकलं आणि दुसरं पडलं याचं कारण हेच.

---

वसईकर_अंतोन

नाना, तुमचा प्रतिसाद मनापासून वाचला. आयसिडोरसचं माहीत नव्हतं, आभार. पण या धाग्यात एक गोष्ट अजून आलेली नाही आणि ती आल्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही.

आमच्याकडे वसईत जानेवारीत संत सेबॅस्टियनचा सण असतो. पणजीला फोंतैन्यांशमध्ये त्यांचं कपेल आहे, ते इकडच्या पुष्कळांनी पाहिलं असेल. परंपरेप्रमाणे सेबॅस्टियन डायोक्लेशियनच्याच रक्षकदलात होते आणि त्याच्याच हुकुमाने त्यांना खांबाला बांधून बाण मारले. आमच्या घरात लहान मूलही डायोक्लेशियनचं नाव ओळखतं, आणि त्यामुळेच ओळखतं.

परंपरा बाजूला ठेवली तरी नोंदलेला इतिहास पुरेसा आहे. २३ फेब्रुवारी ३०३, निकोमीडिया, म्हणजे तुर्कस्तानातलं आजचं इझमित. राजवाड्यातून दिसेल असं चर्च टेकाडावर होतं. पहाटे शिपाई आत शिरले, धर्मग्रंथ जाळले. आग लावावी असं गॅलेरियसचं मत होतं. शेजारच्या घरांना झळ लागेल म्हणून डायोक्लेशियनने कुदळी-कुऱ्हाडी देऊन शिपाई पाठवले आणि काही तासांत चर्च जमीनदोस्त झालं. दुसऱ्या दिवशी हुकूम लागला : चर्च पाडा, ग्रंथ जाळा, ख्रिस्ती माणसाचा हुद्दा जाईल, त्याला न्यायालयात दाद मिळणार नाही. तो कागद एकाने भर चौकात फाडला. त्याला जिवंत जाळलं. पुढच्या हुकुमांत आधी पाद्री तुरुंगात आणि ३०४ मध्ये सगळ्यांनीच देवांना बळी द्यायचा, नाहीतर मरायचं.

नाना म्हणतात तो कोष्टकं करणारा माणूस आणि हा माणूस एकच आहे, हे मला सांगायचं आहे. ज्या नोंदींनी कर वसूल झाला त्याच कार्यक्षमतेने गावोगाव ग्रंथ गोळा करून जाळले. गॅलेरियसने भरीला घातलं असं म्हणतात, असेलही. पण सही सम्राटाची होती. इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांनी आपली कालगणनाच २८४ पासून मोजायला घेतली, याच्या राज्यारोहणापासून, आणि तिला हुतात्म्यांचं शक म्हणतात. आजही ती त्यांच्या पंचांगात आहे.

आरमार यांनी स्प्लिटचं लिहिलं त्यात एवढी भर घाला की तिथलं मुख्य चर्च म्हणजे डायोक्लेशियनने स्वतःसाठी बांधलेली समाधी आहे. त्याचं शवपात्र नाहीसं झालं. तिथे आता सालोनाचे बिशप दोम्नियस यांची वेदी आहे आणि दोम्नियस यांना ३०४ मध्ये याच छळात मारलं होतं. ताई, मुलांना भाजीची गोष्ट सांगाल तेव्हा हीही सांगा, एवढी विनंती.

---

रानजाई

अंतोनजी, सांगेन. नक्की सांगेन. वर्गात ३०३ चं एका ओळीत उरकलं जातं, ते बरोबर नाही.

नाना, मोजणीचं पटलं. पण वारसाचं अजून अडतं. आरमार म्हणतात तसं घर आधीच बांधलं होतं, म्हणजे जाणं ठरलेलं होतं असं धरू. मग इतका हिशेबी माणूस मुलांना कसा विसरला? कॉन्स्टँटियसचा मुलगा कॉन्स्टंटाइन तरुण, कर्तबगार, सैन्यात लोकप्रिय, आणि निकोमीडियात त्याच्या डोळ्यांसमोर होता. चौघांतला दुसरा थोरला सम्राट मॅक्सिमियन, त्यालाही मुलगा होता, मॅक्सेंटियस. दोघांना डावललं तर ते गप्प बसतील असं वाटलं तरी कसं?

---

नाना_जमाबंदी

अंतोनराव, तुम्ही लिहिलंत ते योग्यच लिहिलंत आणि मी ते सोडायला नको होतं. दप्तर नीट असलं की ते कोणत्याही कामाला लावता येतं, चांगल्या आणि वाईटही. मला यावर वाद घालायचा नाही.

ताई, वारसाबद्दल. त्याला स्वतःला मुलगा नव्हता, एकच मुलगी, व्हॅलेरिया. ती त्याने गॅलेरियसला दिली. आधीच्या पन्नास वर्षांत सम्राटांच्या पोरवयातल्या मुलांना तख्तावर बसवलं की काय होतं ते त्याने पाहिलं होतं. स्वतः तो तख्तावर आला तोच न्यूमेरियन या तरुण सम्राटाच्या मृत्यूनंतर. न्यूमेरियन बापाच्या मोहिमेवरून परत येत होता, डोळे आले म्हणून बंद पालखीत, आणि आत तो मेलेला आहे हे वास सुटल्यावर शिपायांना कळलं! तेव्हा रक्त बघायचं नाही, काम बघायचं, हा त्याचा निर्णय मला समजतो. १ मार्च २९३ ला त्याने दोन धाकटे सम्राट नेमले, तेही कामावरूनच. दोन थोरले, दोन धाकटे. थोरले जातील, धाकटे थोरले होतील, नवे दोन धाकटे येतील. व्हेनिसला सेंट मार्कच्या कोपऱ्यात जांभळ्या दगडातले चौघे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे आहेत, एक हात तलवारीवर. ओळखू येऊ नयेत इतके सारखे घडवलेत. त्याला तेच हवं होतं : माणूस बदलला तरी जागा तीच.

प्रत्यक्षात ३०५ चा तो दिवस कसा गेला, हे लॅक्टॅन्शियसने लिहून ठेवलं आहे. गॅलेरियसने म्हाताऱ्याला दमदाटी केली असा एक लांबलचक संवादही तो देतो. तो मी धरत नाही. बंद दालनात दोघांत झालेलं बोलणं याने कुठून ऐकलं? पण मैदानातला प्रसंग शेकडो लोकांसमोर झाला होता. निकोमीडियापासून तीन मैलांवर उंचवटा, वर जुपिटरच्या मूर्तीचा खांब. सैन्य जमलेलं. सगळ्यांच्या नजरा कॉन्स्टंटाइनवर. डायोक्लेशियन रडत बोलला : आता शरीर साथ देत नाही, कष्टांनंतर विसावा हवा, राज्य माझ्याहून धडधाकट माणसांच्या हाती देतो. आणि नवे धाकटे सम्राट म्हणून नावं घेतली सेवेरस आणि मॅक्सिमिनस. लोकांना कळेना. कॉन्स्टंटाइनचंच नाव बदललं की काय असंही काहींना वाटलं. तेवढ्यात गॅलेरियसने हात मागे नेऊन कॉन्स्टंटाइनला बाजूला सारलं आणि मागून दाइयाला, म्हणजे त्या मॅक्सिमिनसलाच, पुढे आणलं. हा दाइया त्याच्या बहिणीचा मुलगा! डायोक्लेशियनने आपली जांभळी वस्त्रं उतरवून त्याच्या अंगावर घातली, खाली उतरला आणि गाडीत बसून गावाकडे गेला.

म्हणजे बघा, स्वतःच्या रक्ताला नको म्हणणाऱ्या व्यवस्थेत जावयाचा भाचा आणि जावयाचा दोस्त बसले. तत्त्व तिथेच मोडलं. त्याच दिवशी मिलानमध्ये मॅक्सिमियननेही वस्त्रं उतरवली. त्याच्याकडून आधीच रोमला जुपिटरच्या देवळात शपथ घेतली होती असा एका स्तुतिभाषणात उल्लेख आहे. तेव्हा जाणं ठरलेलं होतं, हे आरमार यांचं म्हणणं मला मान्य आहे. आजाराने फार तर मुहूर्त ठरवला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. जुलै ३०६ मध्ये कॉन्स्टँटियस यॉर्कला वारला आणि सैन्याने कॉन्स्टंटाइनला उचलून धरलं. काही महिन्यांत रोममध्ये मॅक्सेंटियस. मॅक्सिमियन शपथ मोडून परत आला. ३०८ च्या नोव्हेंबरात डॅन्यूबकाठी कार्नुंटमला सगळे जमले, तेव्हा डायोक्लेशियनलाही बोलावलं होतं. त्या काळातच ते भाजीचं उत्तर. मला ते उत्तर फार सुखाचं वाटत नाही. त्याच्यामागे फौज उरली नव्हती आणि शब्दाला कोण मान देणार याचा त्याला अंदाज होता. पुढे तसंच झालं. गॅलेरियस गेल्यावर व्हॅलेरिया आणि तिची आई प्रिस्का यांना दाइयाने हद्दपार केलं. मुलीला माझ्याकडे पाठवा म्हणून डायोक्लेशियनने निरोपावर निरोप पाठवले, पण कुणी दाद दिली नाही. तो गेल्यानंतर दोघींना लिसिनियसच्या माणसांनी थेस्सलोनिकाला पकडून मारलं. हा लिसिनियस कार्नुंटमला, याच्याच उपस्थितीत, सम्राट झाला होता.

---

रानजाई

प्रिस्का आणि व्हॅलेरियाचं वाचून वाईट वाटलं. एक शेवटचं विचारते. मोजणी आणि नोंदणी तरी पुढच्यांनी ठेवली का? की कॉन्स्टंटाइनने सगळं नव्याने केलं?

---

नाना_जमाबंदी

ठेवली. नाणं त्याने नवीन पाडलं, धर्माचं धोरण उलटं केलं, पण प्रांत, विभाग, विभागाचे अधिकारी, जमीन आणि माणशी आकारणी, मुलकी आणि लष्करी कामाची फारकत, हे सगळं तसंच चालू राहिलं. फारकत उलट आणखी पक्की केली. डायोक्लेशियनच्या वेळी आकारणीची फेरी पाच वर्षांची होती. पुढे ३१२ पासून धरून पंधरा वर्षांचं चक्र रूढ झालं आणि त्या चक्रातलं कितवं वर्ष हे कागदावर घालायची पद्धत पडली. पश्चिमेकडचं साम्राज्य गेल्यावरही युरोपातले दस्तलेखक कित्येक शतकं खरेदीखतांवर आणि दानपत्रांवर तो आकडा घालत होते. मुलांना दाखवायला हवं असेल तर मध्ययुगातल्या एखाद्या लॅटिन दानपत्राचं चित्र शोधा. तारखेच्या ओळीत राजाचं राज्यवर्ष दिलेलं असतं, त्याच्या आसपास हा आकडाही पुष्कळदा सापडतो.